जिन्यावरचा स्टुडिओ

होलोवे रोड हा उत्तर लंडनमधला वाहता रस्ता. शहरातून उत्तरेकडे निघालेल्या मोटारी, बसगाड्या आणि मालाचे ट्रक त्यावरून सदोदित धावत असतात. दोन्ही बाजूंना दुकाने आणि दुकानांच्या वर बिऱ्हाडे. १९६० च्या सुमारास या रस्त्यावरच्या ३०४ क्रमांकाच्या घरात तळमजल्यावर चामडी वस्तूंचे दुकान होते. दुकान शेंटन पतिपत्नींचे. वरचे मजले त्यांनी तिशीतल्या एका अविवाहित गृहस्थाला भाड्याने दिले. केस नीट विंचरलेले, अंगात सूट, गळ्यात टाय. असा भाडेकरू मिळाल्याबद्दल कोणत्याही घरमालकाला बरेच वाटले असते. पण थोड्याच दिवसांत वरून ड्रमचे ठोके, गिटारचे सूर आणि जिन्यावरून चढउतार करणाऱ्या तरुण पोरांची पावले ऐकू येऊ लागली. मिसेस शेंटन खालून केरसुणीच्या दांड्याने छतावर ठोकत आणि भाडेकरू मग मुद्दाम आवाज वाढवी, असे सांगतात.

त्या गोंगाटातून १९६२ साली एक तबकडी निघाली. इंग्लंडमध्ये ती पाच आठवडे आणि अमेरिकेत तीन आठवडे लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिली. अमेरिकेच्या त्या यादीत ब्रिटनमधल्या वादकसंघाने पहिले स्थान मिळवण्याची ती पहिलीच वेळ. बीटल्सना तो मान मिळायला अजून वर्षाहून अधिक अवकाश होता. तबकडीचे नाव 'टेलस्टार'. ती घडवणाऱ्या भाडेकरूचे नाव जो मीक.

राहत्या घरात, बेताच्या पैशांत स्टुडिओ उभारणे ही गोष्ट आज नवलाची राहिलेली नाही. पुण्यातली, डोंबिवलीतली मुले आपल्या खोलीत संगणकावर गाणी मुद्रित करतात आणि हव्या असलेल्या यंत्रांची यादी घेऊन आईवडिलांसमोर उभी राहतात. मीकने हा खटाटोप साठ वर्षांपूर्वी केला, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले होते. त्याने काय विकत घेतले, काय घरी बनवले आणि कशाचा हिशेब ठेवलाच नाही, या तीन गोष्टींत त्याचे सगळे आयुष्य येते.

रॉबर्ट जॉर्ज मीकचा जन्म ५ एप्रिल १९२९ रोजी ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या न्यूएंट या लहानशा गावी झाला. आईला मुलगी हवी होती. चार वर्षांचा होईपर्यंत तिने त्याला मुलीचे कपडे घातले. गावातल्या पोरांना चिडवायला तेवढे निमित्त पुरेसे होते. मुलगा एकलकोंडा झाला आणि घरामागच्या शेडमध्ये रमू लागला. मागून आणलेले, कुणी टाकून दिलेले विजेचे सामान तिथे जमा होई. त्यातून तो रेडिओ जुळवी. त्या पंचक्रोशीतला पहिला चालू टेलिव्हिजन संच याच शेडमध्ये तयार झाला, असे मानले जाते.

१९४८ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तो विमानदलात गेला आणि रडारचे तंत्र शिकला. परतल्यावर १९५३ मध्ये मिडलँड्स विद्युत मंडळात नोकरीला लागला. तिथली साधने आणि सुटे भाग हाताशी असल्याने त्याने स्वतःसाठी तबकडी कोरण्याचे यंत्र बनवले. गंमत अशी की या माणसाला एकही वाद्य वाजवता येत नव्हते. स्वरलिपी वाचता येत नव्हती. गळाही बेसूर होता. त्याच्याजवळ होते ते फक्त कान.

याच कानांच्या भरवशावर १९५४ मध्ये तो लंडनला आला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका संस्थेत लागला. त्या काळी मोठ्या स्टुडिओंत पांढरे कोट घातलेले तंत्रज्ञ वावरत. मायक्रोफोन वाद्यापासून ठरावीक अंतरावर असावा, आवाजाचा काटा तांबड्या पट्ट्यात जाऊ नये, असे दंडक असत. वादकांनी खोलीत जे वाजवले ते जसेच्या तसे फितीवर उतरवणे, एवढीच तंत्रज्ञाकडून अपेक्षा. मीकला ते मान्य नव्हते. त्याच्या लेखी खोलीत वाजले तो कच्चा माल. १९५६ मध्ये हम्फ्री लिट्लटन या जॅझ वादकाची 'बॅड पेनी ब्लूज' ही रचना त्याने मुद्रित केली, तेव्हा पियानोचा डावा हात त्याने मुद्दाम जड, दाबलेला आणि पुढे आलेला ठेवला. लिट्लटनना ते रुचले नाही, पण तबकडी पहिल्या विसांत जाऊन बसली.

पुढे लॅन्सडाउन या स्टुडिओच्या उभारणीत त्याने घाम गाळला. पण तिथल्या वरिष्ठांशी खटका उडाला आणि तो बाहेर पडला. जानेवारी १९६० मध्ये त्याने भागीदारीत ट्रायम्फ नावाची कंपनी काढली. 'अँजेला जोन्स' हे तिचे गाणे सातव्या क्रमांकापर्यंत पोचले आणि तिथेच कंपनीचे कंबरडे मोडले. दुकानांतून मागणी येत होती, पण तबकड्या वेळेवर छापून मिळत नव्हत्या. बँकेत लहान उद्योगांचे अर्ज चाळलेल्या माणसाला ही कथा ओळखीची वाटेल. माल खपत नाही म्हणून धंदे बुडतात तसेच खेळते भांडवल नसताना तो फार खपला म्हणूनही बुडतात.

ट्रायम्फमधून बाहेर पडल्यावर मीकने जो मार्ग काढला तो मात्र हुशारीचा होता. खेळण्यांची आयात करणारे मेजर विल्फ्रेड बँक्स यांनी त्याला भांडवल पुरवले. आरजीएम साउंड अशी कंपनी निघाली. तबकड्या छापण्याच्या आणि विकण्याच्या भानगडीत पडायचे नाही, असे ठरले. गाणे आपल्या खर्चाने, आपल्या घरी मुद्रित करायचे आणि तयार फीत डेक्का, ईएमआय, पाय अशा बड्या कंपन्यांना कराराने द्यायची. आज स्वतंत्र निर्माता म्हणतात ती जात इंग्लंडमध्ये रुजवणाऱ्या पहिल्या काही लोकांत मीकची गणना होते.

आता प्रश्न होता स्टुडिओचा. बड्या कंपन्यांची दालने एवढी मोठी की अख्खा वाद्यवृंद बसावा. मीककडे होती झोपायच्या खोलीएवढी एक खोली आणि तिला लागून यंत्रांपुरती दुसरी. पैसे थोडे. अशा वेळी हौशी माणूस सगळेच थोडे थोडे आणि स्वस्तातले घेतो. मीकने तसे केले नाही. ज्या यंत्रात आवाज शिरतो आणि ज्या यंत्रावर तो साठतो, ती दोन त्याने चांगली घेतली. मोजके पण उत्तम मायक्रोफोन, त्यांत जर्मनीच्या न्यूमन कंपनीचाही. मुद्रणासाठी डेन्मार्कच्या लायरेक कंपनीचे दोन पट्ट्यांचे टेपयंत्र आणि जोडीला ईएमआयचे एक पट्टीचे.

बाकीचे बहुतेक सारे हातांनी. आवाज दाबून सारखा करणारी यंत्रे, त्याचा पोत बदलणारी यंत्रे त्याने स्वतः डाग देऊन जोडली. आवाजाला घुमारा देणारे यंत्र तेव्हा फार महाग असे. मीकने मोडक्या विजेच्या हीटरमधली स्प्रिंग काढून तिच्यातून आवाज नेला आणि घुमारा मिळवला. तोही अपुरा वाटला तेव्हा न्हाणीघर कामी आले. फरश्या लावलेल्या भिंतींवर आवाज आदळून कसा गोल होतो, हे आंघोळ करताना गाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या माहितीला मीकने कामाला जुंपले.

दोन पट्ट्यांच्या यंत्रावर एवढी वाद्ये बसवायची कशी? त्याची रीत अशी होती. आधी ड्रम, बास आणि गिटार एका यंत्रावर घ्यायचे. मग ती फीत वाजवत ठेवून तिच्यावर नवे वाद्य चढवायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर उतरवायचे. ती नवी फीत पुन्हा पहिल्या यंत्रावर, त्यावर गायकाचा आवाज. दर फेरीला फितीची खरखर वाढे. त्यामुळे पुढे किती थर चढणार आहेत याचा अंदाज पहिल्याच थराला बांधावा लागे. घरातली बाई चार माणसांच्या भांड्यात दहा माणसांचा स्वयंपाक करते, तेव्हा कोणता पदार्थ आधी शिजवायचा हे ती जसे मनात ठरवते, तसेच हे काम. मीक मायक्रोफोन वाद्याच्या अगदी तोंडाशी नेई. बास गिटारची तर तार सरळ यंत्रालाच जोडी. मोठ्या स्टुडिओंत या गोष्टी तेव्हा नियमाबाहेरच्या होत्या. पुढे जगभर त्याच नियम झाल्या.

१९६१ मध्ये जॉन लेटन या नटाने गायिलेले 'जॉनी रिमेंबर मी' हे गाणे या घरात मुद्रित झाले. ताल धरणारे वादक स्टुडिओच्या खोलीत, गायक दिवाणखान्यात पडद्याआड, व्हायोलिनवाले जिन्यावर आणि साथीच्या गायिका जवळजवळ न्हाणीघरात, अशी मांडणी होती. लग्नघरात पाहुण्यांची सोय लावावी तशी मीकने माणसांची सोय लावली. गाणे ऐकताना मात्र उजाड माळावर वारा सुटल्याचा भास होतो. ते पहिल्या क्रमांकावर गेले. बड्या कंपन्यांतल्या तंत्रज्ञांना आता होलोवे रोडकडे दुर्लक्ष करता येईना.

पुढच्याच वर्षी १० जुलै १९६२ रोजी टेलस्टार हा दळणवळणाचा उपग्रह अवकाशात गेला आणि अटलांटिकपलीकडची चलच्चित्रे इंग्लंडमधल्या घरांत दिसू लागली. लहानपणी शेडमध्ये टेलिव्हिजन जुळवणारा मीक त्या दृश्याने भारावून गेला. अवकाशाचे वेड त्याला आधीपासून होते. चंद्रावरच्या काल्पनिक जीवसृष्टीवर त्याने १९६० च्या सुमारास एक संगीतिकाच रचली होती. पाण्यात फुंकर मारून काढलेले बुडबुडे आणि चमच्याने वाजवलेल्या दुधाच्या बाटल्या तिच्यात वाद्यांच्या जागी होत्या. आता उपग्रहावर त्याला एक चाल सुचली. सुचली म्हणजे त्याने ती टेपयंत्रात गुणगुणून ठेवली. बेसूर गुणगुणण्यातून नेमके स्वर शोधून काढणे हे त्याच्या सहकाऱ्यांचे नित्याचे दिव्य होते.

टॉर्नेडोज या त्याच्या वादकसंघाने दोन दिवसांच्या आत मूळ साथ वाजवून दिली आणि ते आपल्या पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. मुख्य सुरावट नंतर जेफ गॉडर्ड या त्याच्या गीतकार मित्राने वाजवली. वाद्य होते क्लॅव्हायोलिन. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्तिन यांनी १९४७ मध्ये बनवलेली ही विजेवर चालणारी छोटी पेटी, एका वेळी एकच स्वर देणारी. आपल्याला तिचे नाव अपरिचित असेल, आवाज नाही. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली बीन आठवा. मुंबईत कल्याणजी वीरजी शाह यांनी ती याच क्लॅव्हायोलिनवर वाजवली होती. ज्या पेटीतून मुंबईला नागिणीला डोलवणारी पुंगी ऐकू आली, तिच्यातूनच लंडनला उपग्रह ऐकू आला. यंत्र काय देते यापेक्षा ऐकणारा त्यातून काय मागतो, यावरच सगळे अवलंबून असते.

१९६४ मध्ये हनीकोंब्ज या संघाचे 'हॅव आय द राइट' हे गाणे करताना मीकला ड्रमचा ठोका पुरेसा भारदस्त वाटेना. त्याने वादकांना लाकडी जिन्यावर उभे केले आणि तालात पाय आपटायला लावले. सायकलस्वार विजारीच्या पायांना लावतात तसल्या क्लिपांनी कठड्याला मायक्रोफोन अडकवले. गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. कोणत्याही दुकानात न मिळणारे वाद्य त्याला आपल्याच घरात सापडले होते. त्याच्या खाली शेंटन यांचे दुकान होते, हे मात्र विसरून चालणार नाही.

इथपर्यंतची कथा कोणाही होतकरू मुलाच्या हाती द्यावी अशी आहे. पुढची आईवडिलांनी वाचावी अशी.

'टेलस्टार'च्या लाखो प्रती खपल्या, पण त्या चालीची रॉयल्टी जिवंतपणी मीकच्या हाती लागली नाही. जाँ लेद्रू या फ्रेंच संगीतकाराने १९६० च्या 'ऑस्टर्लिट्झ' या चित्रपटातली आपली चाल चोरल्याचा दावा लावला आणि निकाल लागेपर्यंत पैसे अडकून पडले. तो चित्रपट इंग्लंडमध्ये पोचला १९६५ मध्ये, म्हणजे तबकडी निघाल्यानंतर तीन वर्षांनी. तरी कज्जा चालूच राहिला. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर मालमत्ता डोंगराएवढी होती, पण रोकड नव्हती. घरभाडे डोंगर दाखवून देता येत नाही.

त्यातच नोव्हेंबर १९६३ मध्ये पोलिसांनी त्याला पकडले. मीक समलिंगी होता आणि इंग्लंडमध्ये तो तेव्हा गुन्हा होता. दंड झाला, वर्तमानपत्रात नाव आले. त्यानंतर धमक्या देऊन पैसे उकळणारे मागे लागले. ज्या माणसाला लहानपणापासून हिणवले गेले होते, त्याचा जगावर होता नव्हता तेवढा विश्वासही उडाला. मोठ्या कंपन्या आपल्या युक्त्या चोरण्यासाठी भिंतीत मायक्रोफोन लपवतात, असे त्याला वाटू लागले. उत्तेजक गोळ्या सुरू झाल्या. राग अनावर झाला की हाताला येईल ती वस्तू तो भिरकावी. मृतात्म्यांशी बोलण्याचा नाद आधीपासून होताच. तो वाढला.

माणसे तुटत गेली. 'टेलस्टार'ची सुरावट वाजवणाऱ्या गॉडर्डनेच 'हॅव आय द राइट' ही चाल आपली असल्याचा दावा लावला. तो टिकला नाही, पण मैत्री संपली. बीटल्सच्या उदयानंतर श्रोत्यांची आवड बदलली आणि १९६४ नंतर मीकच्या घरातून पहिल्या क्रमांकाचे गाणे निघाले नाही. यंत्र बिघडले तर मीक रात्रभर बसून ते उघडी आणि कुठला सांधा सुटला हे शोधून काढी. माणसाशी बिघडले की त्याला सांधा सापडत नसे. तो सापडावा म्हणून थांबण्याची त्याची तयारीही नसे.

३ फेब्रुवारी १९६७ रोजी सकाळी मिसेस व्हायोलेट शेंटन वर आल्या. वाद झाला. मीकने घरात असलेल्या बंदुकीने त्यांना गोळी घातली आणि मग स्वतःला. तो ३७ वर्षांचा होता. ज्याच्या गाण्यांवर त्याचे प्रेम होते तो अमेरिकन गायक बडी हॉली याच तारखेला, आठ वर्षांपूर्वी विमान अपघातात गेला होता. मीकच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन आठवड्यांनी 'टेलस्टार'च्या खटल्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये इंग्लंडच्या संसदेने प्रौढांमधले खासगी समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून काढले. दोन्ही दारे उघडली, पण उशिरा.

या दुःखद शेवटाला कोणी प्रतिभेची किंमत म्हणतात. मला ते पटत नाही. मीकवर अन्याय झाला हे खरे. पण मिसेस शेंटन यांनी त्याचे काही चोरले नव्हते, त्याच्यावर खटला भरला नव्हता. सहा-साडेसहा वर्षे त्यांनी आपल्या डोक्यावर तो स्टुडिओ सोसला होता. कलेच्या खात्यावर त्यांचा जीव नावे टाकण्याचा अधिकार कोणाला नाही.

घरात उरल्या त्या अठराशेहून अधिक फिती. चहाच्या लाकडी खोक्यांत भरून त्या ३०० पौंडांना विकल्या गेल्या. पुढे अर्धशतक त्या जवळजवळ बंदच राहिल्या. २०२० मध्ये एका ब्रिटिश कंपनीने त्या घेतल्या आणि त्यांतले ध्वनिमुद्रण बाहेर येऊ लागले. २०१४ मध्ये लंडनच्या एनएमई या संगीतविषयक नियतकालिकाने आजवरच्या निर्मात्यांच्या यादीत मीकला पहिला क्रमांक दिला. पांढऱ्या कोटवाल्यांपैकी कोणाचे नाव आपल्याला आठवत नाही.

आज घरी स्टुडिओ करायला निघालेल्या मुलाजवळ एक साधा संगणक असला तरी मीकने स्वप्नातही पाहिल्या नसतील एवढ्या पट्ट्या त्याच्या हाती असतात. घुमाऱ्यासाठी स्प्रिंग शोधावी लागत नाही. तो संगणकात फुकट मिळतो. तरी पैशांचा प्रश्न उरतोच, आणि त्यावर मीकने घालून दिलेला धडा अजून जुना झालेला नाही. आवाज जिथून आत शिरतो तो मायक्रोफोन, तो संगणकात नेणारे यंत्र आणि खरे ऐकवणारा हेडफोन, एवढ्यावर पैसे घालावेत. जुने पण निरोगी यंत्र मिळाले तर घ्यावे. भिंतीवर गोधडी टांगावी, खाली सतरंजी घालावी, कपड्यांच्या कपाटासमोर उभे राहून गाऊन पाहावे. न्हाणीघर आहेच. दहा वाद्यांचे आवाज विकत घेण्याआधी घरातला पाट, पितळी डबा आणि जिना वाजवून पाहावा. जे नाही त्याची यादी करण्याआधी जे आहे ते ऐकावे.

मात्र त्या अंदाजपत्रकात आणखी काही रकाने आईवडिलांनी आखून द्यावेत. चाल कोणाची, पैसे कोणाला किती, हे पहिल्या दिवशी कागदावर असावे. मोठी रक्कम यायची आहे म्हणून महिन्याचे भाडे थकवू नये. रात्री दहानंतर शेजारच्या आजोबांना झोप लागते का, याची चौकशी असावी. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे बंद खोलीतून बाहेर आलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे कोणीतरी रोज पाहावे. मीकच्या घरी आवाज मोजणारे काटे पुष्कळ होते. त्याच्याकडे पाहणारे कोणी नव्हते.

होलोवे रोडवरच्या त्या घराच्या भिंतीवर आता एक पाटी आहे. ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात नवी वाट पाडणारा जो मीक इथे राहिला, इथे त्याने काम केले आणि इथेच तो मरण पावला, अशी तिच्यावर नोंद आहे. त्या नोंदीत व्हायोलेट शेंटन यांचे नाव नाही. 'टेलस्टार' ऐकताना वरच्या मजल्यावरच्या त्या विलक्षण कानांची आठवण ठेवावी, तशी खाली दुकानात बसलेल्या त्या बाईंचीही ठेवावी.